हार्डवेअरचे रिसोर्स हाताळणारा कर्नल पॅच कसा तपासावा

लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातील) ड्रायव्हरचा, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचा, पॅच (कोडमधील प्रस्तावित बदल) बहुधा चाळीस-पन्नास ओळींचा असतो आणि त्यातील प्रत्येक ओळ वाचायला सोपी असते; तरीही तो नीट तपासायला अर्धा दिवस लागू शकतो, कारण ज्या ओळी तपासायच्या असतात त्यांतील बऱ्याचशा त्या पॅचमध्ये नसतातच. मेमरीचा पट्टा, इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक), क्लॉक (हार्डवेअर चालवणारी स्पंदने) किंवा डीएमए बफर (हार्डवेअर थेट वापरते ती मेमरी) असा रिसोर्स मागणारी ओळ हिरव्या रंगात समोर दिसते. ती वस्तू परत देणारी ओळ मात्र शंभर ओळी खाली असते, दुसऱ्या फंक्शनमध्ये असते किंवा लिहायची राहूनच गेलेली असते.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आम्ही द्राक्षबागांच्या ठिबक सिंचनाचे ऑटोमेशन करणारे बोर्ड तयार करतो. त्या बोर्डांवर लिनक्स चालते आणि त्यांचे दोन-तीन ड्रायव्हर आमचे आम्हीच सांभाळतो. शहरातील महाविद्यालयांतून नवे अभियंते आले की पहिले काही महिने त्यांना पॅच लिहायला कमी आणि तपासायला जास्त दिले जातात. त्यांना जे वारंवार सांगावे लागते ते येथे एकत्र मांडले आहे. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत शोधावी लागतील.

कोडकडे वळण्यापूर्वी

प्रथम कमिटचा (गिट या साधनात नोंदवलेल्या बदलाचा) मजकूर वाचावा आणि तो वाचून झाल्यावर स्वतःला विचारावे की नेमके काय बिघडले होते, ते कोणत्या बोर्डावर आणि कोणत्या परिस्थितीत दिसले, हे आपल्याला समजले का. ‘एरर हँडलिंग सुधारले’ एवढ्यावर भागवणारा मजकूर परत पाठवण्यास संकोच करू नये. पॅच एखादी जुनी चूक दुरुस्त करत असेल, तर ‘फिक्सेस’ या टॅगमध्ये ती चूक आणणाऱ्या कमिटच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) किमान पहिली १२ अक्षरे आणि त्याचे शीर्षक असले पाहिजे. तो हॅश खरोखर त्याच कमिटचा आहे, याची खात्री गिटमध्ये पाहून करावी, कारण जुन्या स्थिर शाखांत (फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आधीच्या आवृत्त्यांत) ही दुरुस्ती कुठवर न्यायची ते त्याच टॅगवरून ठरते. स्थिर शाखांसाठीच्या पॅचला आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींची मर्यादा आहे. तेव्हा दुरुस्तीबरोबर चलांची नावे बदलण्याची हौसही भागवली असेल, तर दोन वेगळे पॅच मागावेत.

त्यानंतर पॅच ज्या कमिटवर आधारलेला आहे त्यावरच तो लावून घ्यावा आणि संपूर्ण फाइल उघडावी. गिटचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) बदलाच्या वर आणि खाली प्रत्येकी तीनच ओळी दाखवतो आणि रिसोर्सच्या कामात तीन ओळींत काहीच कळत नाही. चेकपॅच (लेखनशैली तपासणारी स्क्रिप्ट), ‘डब्ल्यू=१’ (जादा इशारे) लावून केलेले बिल्ड आणि ‘सी=१’ लावून चालवलेले स्पार्स (कोड न चालवता तपासणारे साधन) ही तिन्ही साधने आपण डोके चालवण्याआधी चालवून टाकावीत. हार्डवेअरच्या पत्त्याचा पॉइंटर साध्या पॉइंटरसारखा वापरला गेला असेल, तर ‘आयओमेम’ या खुणेच्या आधारे स्पार्स ते लगेच दाखवून देतो. यंत्र जे पकडू शकते त्यासाठी माणसाचा वेळ खर्चू नये.

नोंद वेगळी, वाट वेगळी

मेमरीच्या पट्ट्यांचा हिशोब कर्नल कसा ठेवतो हे नव्या मुलांना समजावताना मी सातबाऱ्याचा आधार घेतो. दिंडोरी-निफाडकडच्या घरांतून आलेल्यांना तो पटकन उमगतो. सगळ्या पत्त्यांचे मिळून एक झाड असते आणि प्रत्येक पट्टा म्हणजे एक गट. गटाचे पोटहिस्से म्हणजे त्याची अपत्ये आणि शेजारचे हिस्से म्हणजे भावंडे. ‘रिक्वेस्ट_मेम_रीजन’ ही सातबाऱ्यावरची नोंद आहे: हा पट्टा आता या ड्रायव्हरच्या नावावर आहे, असे ती सांगते. ‘आयओरीमॅप’ ही शेतात जाण्याची वाट आहे: त्या पट्ट्यातील रजिस्टर (हार्डवेअरचे नियंत्रण-कप्पे) वाचण्यासाठी ती कर्नलला आभासी पत्ता देते. नोंद केली म्हणून वाट मिळत नाही आणि वाट मिळाली म्हणून नोंद होत नाही. नोंद न करता थेट आयओरीमॅप करणारा ड्रायव्हर चालतो, आणि बिनतक्रार चालतो. भांडण होते ते दुसरा कोणी त्याच पट्ट्यावर येतो तेव्हा.

पट्ट्याच्या हद्दीबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रिसोर्सच्या रचनेतील ‘एंड’ हा पट्ट्याचा शेवटचा बाइट असतो, त्याच्या पुढचा नव्हे. सुरुवात ४०९६ आणि शेवट ८१९१ असेल, तर आकार ४०९६ बाइट होतो. नुसती वजाबाकी केली तर तो ४०९५ येतो. बागेत एका ओळीत दहा गाळे असतील तर खांब अकरा लागतात, हे द्राक्षवाल्याला शिकवावे लागत नाही, पण ड्रायव्हर लिहिणारा ही चूक आजही करतो. म्हणून पॅचमध्ये ‘एंड’मधून ‘स्टार्ट’ वजा केलेला दिसला की तेथे थांबावे आणि ‘रिसोर्स_साइझ’ हे तयार फंक्शन वापरण्यास सांगावे. हा आकार साध्या ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये भरला आहे का, तेही पाहावे, कारण काही ३२ बिटी यंत्रांवर भौतिक पत्ता ६४ बिटी असतो आणि तेथे वरचा अर्धा भाग गुपचूप कापला जातो.

आता एका फसव्या प्रकाराविषयी सविस्तर लिहितो, कारण तो ‘सुधारणा’ या नावाखाली येतो. जुन्या ड्रायव्हरमध्ये ‘डेव्हएम_आयओरीमॅप’ (आपोआप परत दिले जाणारे आयओरीमॅप) असते. पॅच लिहिणारा ते काढून ‘डेव्हएम_प्लॅटफॉर्म_आयओरीमॅप_रिसोर्स’ घालतो, त्यामुळे चार ओळींची एक ओळ होते आणि सगळ्यांना बरे वाटते. प्रत्यक्षात वागणूक दोन ठिकाणी बदललेली असते. पहिले फंक्शन फक्त वाट देत होते. दुसरे आधी नोंद करते आणि मग वाट देते. एकाच पट्ट्यात दोन ड्रायव्हर मुद्दाम एकत्र नांदत असतील, तर सामाईक विहीर एकट्याच्या नावावर लावण्यासारखा हा प्रकार होतो: जो आधी येतो त्याला पट्टा मिळतो आणि दुसऱ्याचे प्रोब (ड्रायव्हर डिव्हाइसशी जोडताना चालणारे फंक्शन) ‘ईबिझी’ (‘आधीच वापरात’ हा एरर) देऊन कोसळते. असा पॅच आला की त्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) तोच पत्ता आणखी कोणाला दिला आहे का, हे शोधावे. खरोखरच वाटून घ्यायचा पट्टा असेल, तर ‘सिसकॉन’ आणि ‘रेगमॅप’ (रजिस्टर अनेक ड्रायव्हरना वाटून देणाऱ्या यंत्रणा) यांचा मार्ग त्यासाठीच आहे.

दुसरा बदल अपयश कळवण्याच्या पद्धतीत होतो. आयओरीमॅप आणि डेव्हएम_आयओरीमॅप ही फंक्शने अपयशी ठरली तर ‘नल’ (रिकामा पॉइंटर) देतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘रिसोर्स’ आहे ती पॉइंटरमध्ये गुंडाळलेला एरर क्रमांक देतात आणि तो ‘इज_एरर’ने तपासावा लागतो. फंक्शन बदलले आणि तपासणी तशीच राहिली, तर ती तपासणी कधीच लागू पडत नाही व चुकीचा पॉइंटर पुढे जातो. बिल्ड स्वच्छ होते आणि आपल्या टेबलावर सगळे चालतेही, कारण टेबलावर हे अपयश सहसा घडतच नाही. त्यामुळे प्रत्येक फंक्शनची व्याख्या उघडून त्याचे परतीचे मूल्य पाहावे. पाठांतरावर विसंबू नये. मी स्वतः अजूनही उघडून पाहतो.

परतीचा रस्ता आधी वाचावा

प्रोब फंक्शन आपण वरून खाली वाचतो, कारण ते तसे लिहिलेले असते. रिसोर्सच्या पॅचसाठी मी उलट क्रम सुचवतो: आधी शेवटची एरर लेबले (अपयश आल्यावर कोड जेथे उडी मारतो त्या जागा) वाचावीत, मग रिमूव्ह (ड्रायव्हर सुटताना चालणारे) फंक्शन वाचावे आणि त्यानंतरच प्रोबच्या पहिल्या ओळीकडे यावे. आमच्याकडे यासाठी वहीच्या पानावर दोन रकाने आखण्याची पद्धत आहे. डाव्या रकान्यात प्रोबने घेतलेल्या वस्तू घेतल्या त्या क्रमाने वरून खाली लिहायच्या; उजव्या रकान्यात प्रत्येकीसमोर ती कुठे परत दिली जाते ते लिहायचे, एकदा एररच्या वाटेवर आणि एकदा रिमूव्हमध्ये. मग प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारायचे, ‘येथे अपयश आले तर हातात काय काय आहे?’ स्क्रीनवर हे जमत नाही असे नाही, पण कागदावरची रिकामी चौकट जशी डोळ्यांत खुपते तशी कोडमध्ये न लिहिलेली ओळ खुपत नाही.

सर्वाधिक सापडणारी चूक अशी असते. प्रोबच्या मध्यावर पॅचने नवीन क्लॉक सुरू केलेले असते आणि त्याच्यासाठी लेबलही नीट लिहिलेले असते. पण त्याच्या खाली पूर्वीपासून असलेले ‘रिटर्न रेट’ (एरर घेऊन थेट परतणारी ओळ) तसेच राहिलेले असते, कारण तेथे यापूर्वी परत देण्यासारखे काही नव्हते. ती ओळ बदललेली नसल्यामुळे डिफमध्ये ती दिसतच नाही. म्हणून नव्याने घेतलेल्या वस्तूच्या खालचा प्रत्येक ‘रिटर्न’ बोट ठेवून तपासावा.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. रिक्वेस्ट_मेम_रीजन अपयशी ठरले आणि कोड अशा लेबलवर उडी मारतो जेथे ‘रिलीज_मेम_रीजन’ आहे. वाचणाऱ्याला वाटते, अनावश्यक असले तरी निरुपद्रवी आहे. ते निरुपद्रवी नाही. रिलीज करणारे फंक्शन मालकाचे नाव पाहत नाही; सुरुवात आणि शेवट जुळला की ती नोंद खोडते. नोंद मिळाली नाही याचा अर्थच असा, की तो पट्टा दुसऱ्याच्या नावावर आहे. हद्दी तंतोतंत जुळल्या तर आपण त्या दुसऱ्याचे नाव सातबाऱ्यावरून पुसून टाकतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. जुळल्या नाहीत तर कर्नल ‘अस्तित्वात नसलेला रिसोर्स मोकळा करण्याचा प्रयत्न’ अशा अर्थाचा इशारा लॉगमध्ये छापतो, आणि त्या दोन शक्यतांपैकी तीच बरी म्हणायची.

डेव्हएम सगळे सांभाळत नाही

२००७ मध्ये २.६.२१ या आवृत्तीत डेव्हरेस ही यंत्रणा कर्नलमध्ये आली आणि ‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शने हळूहळू सर्वत्र पसरली. डिव्हाइसच्या नावावर घेतलेल्या वस्तू प्रोब फसले किंवा डिव्हाइस सुटले की आपोआप, घेतल्याच्या उलट क्रमाने, परत दिल्या जातात. यामुळे असंख्य गळत्या बंद झाल्या, हे खरे आहे. पण त्या वस्तू रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर परत दिल्या जातात, आणि अर्धा ड्रायव्हर डेव्हएमवर व अर्धा हाताने लिहिलेला असेल तर हा ‘नंतर’ महागात पडतो.

तो आम्हाला पडला आहे. एका सहकाऱ्याने आमच्या ड्रायव्हरमधील ‘रिक्वेस्ट_आयआरक्यू’ बदलून ‘डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू’ केले आणि रिमूव्हमधील ‘फ्री_आयआरक्यू’ची ओळ काढली. पॅच सात-आठ ओळींचा होता. मी तो चहा संपायच्या आत मंजूर केला. रिमूव्हमध्ये क्लॉक बंद करणारी ओळ मात्र हाताने लिहिलेली होती आणि ती तशीच राहिली. परिणाम असा, की रिमूव्हमध्ये क्लॉक बंद होत असे आणि इंटरप्ट त्यानंतर मोकळा होत असे. त्या मधल्या क्षणी पाण्याच्या प्रवाहमापकाचा इंटरप्ट आला, हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) क्लॉक बंद असलेल्या ब्लॉकचे रजिस्टर वाचले आणि आमच्या चिपवर बस (चिपमधील माहितीची वाहिनी) तेथेच अडकली. हे आमच्या टेबलावर कधी घडले नाही, कारण टेबलावर पाणी वाहत नव्हते. दिंडोरी तालुक्यातील बागांत, ठिबक सुरू असताना, सॉफ्टवेअर अपडेटने ड्रायव्हरचे मॉड्यूल उतरवले तेव्हा ते घडले, आणि प्रत्येक पेटीची वीज बंद-चालू करण्यासाठी ऐन छाटणीच्या हंगामात मोटारसायकलवर फिरावे लागले.

तेव्हा रिमूव्हमधून एखादी ओळ काढणारा पॅच आला की तेथे उरलेल्या ओळींकडे अधिक लक्ष द्यावे. काढलेली वस्तू आता सर्वांत शेवटी जाणार आहे. उरलेल्यांपैकी तिला जगण्यासाठी कोणाची गरज आहे, हे पाहावे. उपाय दोन आहेत. एक तर क्लॉकसुद्धा ‘डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड’ने घ्यावे आणि तेही इंटरप्टच्या आधी घ्यावे, म्हणजे उलट क्रमात इंटरप्ट आधी सुटेल, किंवा रिमूव्हमध्ये क्लॉक बंद करण्यापूर्वी डिव्हाइसचा इंटरप्ट स्पष्टपणे थांबवावा. मला पहिला उपाय पसंत आहे. अर्धे डेव्हएम करण्यापेक्षा सगळे हाताने लिहिलेले परवडते, असेही माझे मत झाले आहे, पण त्यावर आमच्याच ऑफिसात एकमत नाही.

थोडक्यात आणखी काही

इंटरप्टचा क्रमांक देणारे ‘प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू’ अपयश ऋण संख्येने कळवते. तो क्रमांक ‘अनसाइन्ड’ (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) चलात ठेवला असेल तर शून्यापेक्षा लहान असल्याची तपासणी कधीच खरी ठरत नाही. हे फंक्शन स्वतःच एरर छापते, त्यामुळे त्याखाली आणखी एक संदेश छापणारी ओळ काढायला सांगावी. इंटरप्ट नोंदवला त्याच क्षणी हँडलर धावू शकतो, म्हणून हँडलर ज्या गोष्टी वापरतो त्या सर्व त्यापूर्वी तयार असाव्यात. डिव्हाइस जागे करणारे ‘पीएम_रनटाइम_गेट_सिंक’ अपयशी ठरले तरी वापराचा आकडा वाढवूनच परतते. एररच्या वाटेवर तो कमी केलेला नसेल तर ‘पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट’ सुचवावे. डीएमएसाठी मॅप केलेल्या पत्त्याची तपासणी ‘डीएमए_मॅपिंग_एरर’नेच करावी, शून्याशी तुलना करून नव्हे. पीसीआय (विस्तार-कार्डे जोडणाऱ्या बसच्या) ड्रायव्हरमध्ये ‘पीसीआय_एनेबल_डिव्हाइस’ आधी आणि इंटरप्ट क्रमांकाचा वापर नंतर, हा क्रम पाहावा. तसेच ६४ बिटी बार (पीसीआय डिव्हाइसच्या पट्ट्याचा पत्ता ठेवणारे रजिस्टर) दोन जागा व्यापतो, म्हणून सहा बारांपैकी पुढचा क्रमांक एकाने नव्हे तर दोनाने सरकलेला असतो.

बोर्डावर

वाचून झाल्यावर बोर्ड हाती असेल तर त्यावर पॅच चालवावा. ड्रायव्हर एकदा सुरू होतो हे पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून प्रोकमधील (कर्नलची स्थिती दाखवणाऱ्या फोल्डरमधील) ‘आयओमेम’ आणि ‘इंटरप्ट्स’ या फाइली जपून ठेवाव्यात. साध्या वापरकर्त्याने वाचल्यास आयओमेममधील पत्ते शून्य दिसतात, हे पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. मग सिसएफएसमधील (डिव्हाइस व ड्रायव्हर हाताळण्याच्या फाइलींच्या फोल्डरमधील) ‘अनबाइंड’ व ‘बाइंड’ या फाइलींत डिव्हाइसचे नाव लिहून ड्रायव्हर शंभर वेळा सोडवावा आणि जोडावा. सोडवल्यावर त्याने केलेली नोंद आयओमेममधून नाहीशी झाली पाहिजे. कर्नल ‘केमेमलीक’ (मेमरीची गळती शोधणारे) आणि ‘केएसॅन’ (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे) लावून बांधलेला असावा. ‘डीबग_टेस्ट_ड्रायव्हर_रिमूव्ह’ हा पर्याय लावला तर कर्नल बूट होताना प्रत्येक ड्रायव्हर एकदा जोडून, सोडवून, पुन्हा जोडतो. ‘डीबग_एसएचआयआरक्यू’ सामाईक इंटरप्टवर मुद्दाम खोटा इंटरप्ट देतो. वरची आमची चूक यापैकी एखाद्या परीक्षेत कदाचित सापडली असती. आता मात्र आम्ही प्रवाहमापकाच्या पिनवर सिग्नल जनरेटर लावून, इंटरप्टचा भडिमार चालू असतानाच अनबाइंड करतो.

अपयशाच्या वाटा मुद्दाम चालून पाहाव्यात. त्यासाठी ‘फेलस्लॅब’सारखी (मेमरीची मागणी मुद्दाम फसवणारी) यंत्रणा आहे, पण तात्पुरते प्रोबच्या प्रत्येक पायरीवर हाताने ‘ईनोमेम’ (‘मेमरी नाही’ हा एरर) परत करून पाहणेही पुरते. कंटाळवाणे काम आहे. सहा पायऱ्यांचे प्रोब असेल तर सहा वेळा बांधून बूट करावे लागते.

उत्तर लिहिताना

शेरा त्या त्या ओळीखाली लिहावा आणि ‘हे चूक आहे’ असे न लिहिता वाट दाखवावी: ‘येथे क्लॉक सुरू झाले नाही तर खालच्या लेबलवर मेमरीचा पट्टा कोण परत देते?’ असे विचारले की लिहिणारा स्वतःच ती वाट चालून पाहतो, आणि कधी कधी आपलेच चुकलेले निघते. जे बदलल्याशिवाय पॅच घेता येणार नाही ते आणि जे केवळ आपल्या आवडीचे आहे ते वेगळे ओळखू येईल असे मांडावे. ‘रिव्ह्यूड-बाय’ हा टॅग वर सांगितलेले वाचन केल्यावरच द्यावा. बोर्डावर चालवले पण कोड तपासला नाही, तर ‘टेस्टेड-बाय’ द्यावा आणि कोणता बोर्ड, किती वेळा अनबाइंड, कोणते डीबग पर्याय, हे एका ओळीत नमूद करावे.

दुसरी आवृत्ती आली की लेखकाने तीन आडव्या रेघांखाली लिहिलेली बदलांची यादी वाचावी. तो मजकूर कमिटमध्ये जात नाही, तो तपासणाऱ्यासाठीच असतो. तरीही यादीवर न थांबता ‘गिट रेंज-डिफ’ने दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात आणि यादीत नसलेले काही बदलले आहे का ते पाहावे. परतीच्या वाटेवरील एखादे लेबल जरी हललेले दिसले, तर वहीतील जुने पान बाजूला ठेवून दोन रकाने नव्याने आखावेत आणि ते भरेपर्यंत आपला आधीचा टॅग पुढे नेऊ नये, असे लेखकाला कळवावे.